एका मात्रेचा फेरफार

आम्ही वानखडे. सातबारा संगणकावर चढला आणि आम्ही वानखेडे झालो. कुठूनशी एक मात्रा आली आणि आजोबांच्या आडनावावर जाऊन बसली. पीककर्जाला गेलो तर बँकवाला म्हणे, आधारवर वानखडे, सातबाऱ्यावर वानखेडे, मग वावर कोणाचं? वावर माझंच हो, बापाने जन्मभर वखरलेलं. पण मात्रा उतरल्याशिवाय कर्ज नाही.

म्हणून पटवाऱ्याकडे चकरा सुरू झाल्या. पटवारी एक आणि साझ्यात गावं तीन. आपण या गावात गेलो की ते हमखास त्या गावात. चौथ्या चकरेला ऑफिससमोरच्या निंबाखाली बसलो. शेजारी एक बुढा विडी ओढत होता.

"पट्टी वसूल करते म्हणून पटवारी," तो म्हणाला.

मला गप्प बसवेना. म्हटलं, "नाही जी, घरपट्टी ग्रामपंचायतची. पटवाऱ्याकडे शेतसारा अन् जमिनीचे कागद. संस्कृतात पट्ट म्हणजे फळी, पाटी. राजे जमीन दान द्यायचे तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून, तो ताम्रपट. त्याच पट्टवरून जमिनीचा पट्टा. अन् पट्टे सांभाळणारा तो पटवारी."

बुढ्याने धूर सोडला. "मंग तांब्यावरच राहू द्याचं होतं न बाप्पा. मात्रा त चढली नसती."

दारावरच्या पाटीवर 'तलाठी कार्यालय' लिहिलेलं. हा शब्द आमच्याकडे पाटीपुरताच. वर्धा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि तिकडे आजही पटवारीच म्हणतात. राज्य बदललं, 1966 च्या महसूल कायद्यात तलाठी आला, पण गावाच्या तोंडात फेरफार काही झाला नाही. आता तर सरकारने तलाठ्याचंही 'ग्राम महसूल अधिकारी' केलंय. ना आमच्यासारखी नोटीस, ना हरकतींसाठी पंधरा दिवस. आम्ही एका मात्रेसाठी निंबाखाली वाळतोय आणि यांचं अख्खं नाव बसल्या जागी बदललं!

तीन वाजता साहेब आले. कागद पाहून म्हणाले, "हे माझ्या हातात नाही न जी. लेखनप्रमाद हाये हा, कलम 155. तहसीलले अर्ज करा. जुना हातानं लिवलेला सातबारा जोडा, फेरफाराची नक्कल जोडा."

मी उठलो. जाता जाता राहवलं नाही. "सायेब, तुमचं त नाव बदललं म्हणते. मंग पाटी काहून जुनीच?"

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक लिफाफा काढला. "तिचाही अर्ज तहसीललेच पडून हाये, सहा महिने झाले. हे स्मरणपत्र. तुम्ही चाललेच हा, त एवढं देऊन द्या न."