भटजी नको, निवेदक हवा

पत्रिकेवर 'आमचं लग्न जरा वेगळं आहे' असं छापून आलं की निम्मं लग्न लागलंच. मंत्र कुणाला कळत नाहीत म्हणून भटजींना नारळ दिलात आणि निवेदक ठरवलात, हेही उत्तम. आता तो स्टेजवर 'या दोघांची गोष्ट' सांगणार. त्याला सगळं पुरवा : पहिली भेट, दुसरी भेट, मधलं भांडण, बालीची सहल. काटछाट करू नका. बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे अडीच हजार शब्दांच्या गोष्टीला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात मागच्या तीन रांगा जेवून येतात आणि पंगतीची गर्दी आपोआप विभागली जाते. केटरर दुवा देईल.

मुहूर्त तुम्ही मानत नाही. हॉलवाला मानतो. त्याचा मुहूर्त दुपारी दोनचा असतो आणि त्या वेळी तो पंखे बंद करतो.

मंगलाष्टकं मात्र घरचीच हवीत. ती मामांना लिहू द्या आणि चाल आदल्या रात्री ठरवा. त्यांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा आणि सुरुवातीलाच तीन गुरू, म्हणजे दीर्घ अक्षरं, लागोपाठ. नवरदेवाचं नाव अनिकेत असेल तर ते चौथ्या अक्षरापासून तंतोतंत बसतं. पण मामांना ते ओळीच्या आरंभीच हवं असतं, म्हणून साऱ्या मांडवासमोर त्याचा 'आनीकेत' होतो. आत्या, काकू, ऑफिसातली मैत्रीण अशा सगळ्यांना एकेक कडवं द्या. अकरा तरी होऊ देत. पाहुणे प्रत्येक 'सावधान'ला अक्षता टाकतात, त्यामुळे तिसऱ्या कडव्याला मुठी रिकाम्या होतात. नवव्याला अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरू लागतात आणि नवरा-नवरी एकमेकांना वेळेआधीच दिसतात.

मग वचनं. सप्तपदीत अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू अशी सहा पावलं झाली की सातव्याला 'सखा हो' म्हणतात. हे फारच जुनाट. तुम्ही 'सकाळचा चहा मी करीन', 'रिमोट तुझा' असं लिहा आणि कागदावर न उतरवता फोनमध्येच ठेवा. ऐन वेळी फोन लॉक होतो आणि मुंडावळ्यांतून चेहरा ओळखत नाही. वचनं एकमेकांकडे बघून द्यायची असतात आणि माईक निवेदकाच्या हातात असतो, तेव्हा ती फक्त त्यालाच ऐकू जातात. कॉलर माईक लावलात तर चपलाहार त्यावर घासतो आणि चहाचं वचन खरखरीत वाहून जातं.

निवेदक म्हणेल, असं लग्न पहिल्यांदाच होतंय. त्याला टोकू नका. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न भटजीविना लागलं. फुल्यांनी त्या पद्धतीसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात आणि वधू बायकांच्या हक्कांचं विचारते. आजही पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या स्त्री-पुरोहित मंत्रांचा मराठी अर्थ सांगत लग्न लावतात. पण या दोन्हींत बालीची सहल बसत नाही.

कायद्याचं सगळ्यात शेवटी बघा. निवेदकाला मान असतो, अधिकार नसतो, हे त्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. हिंदू विवाह कायदा (१९५५) दोघांपैकी एकाकडच्या रूढीचा विधी मागतो. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पुरं होतं. चहा-रिमोटचा त्यात उल्लेख नाही. नुसतं प्रमाणपत्र आहे आणि विधीच झालेला नाही, तर त्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंच आहे. विधी मुळातच नको असेल तर विशेष विवाह कायदा (१९५४) आहे : तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि ठरलेल्या एका वाक्यात एकमेकांना स्वीकारणं. जादा शुल्क भरलं तर विवाह अधिकारी वाजवी अंतरावरच्या हॉलवरही येतो. पण ही नोटीस लग्नाच्या महिनाभर आधी द्यावी लागते, म्हणून ती आठवडाभर आधी आठवलेली बरी.

विधीने लग्न लागलंच, तर महाराष्ट्रात नव्वद दिवसांत नोंदणी करा. त्यासाठीचा अर्ज, नमुना 'ड', घ्या. त्यात वराची सही, वधूची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि एक रकाना पुरोहिताचा. निवेदकाला फोन लावा. तो लोणावळ्याला असेल, मागे सनई चालू असेल, आणि माईकवर कुणीतरी सांगत असेल की हे लग्न जरा वेगळं आहे.