‘पाडायला घण पुरे’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घराचं काम काढलं की कुणीतरी एक मेसेज हमखास पाठवतं. ‘बांधायला इंजिनिअर लागतो, पाडायला घण पुरे’ हा त्याचा मथळा. खाली सात सूचना आहेत: भिंत ठोकून बघा, पोकळ वाजली की ती पार्टिशन (म्हणजे भार न घेणारी भिंत), ती तळातून फोडा, वरची आपोआप येते, राडारोडा खोलीतच साठू द्या, मेन स्विच पाडला की वायरिंगची काळजी मिटली, धुळीला ओला रुमाल पुरे, जुने सिमेंटचे पत्रे पाणी मारून फोडा, आणि तडे गेलेच तर सिमेंट भरून घ्या. पैसे वाचवायच्या युक्त्या म्हणून हे पुढे ढकललं जातं. यातली एकही सूचना आहे तशी पाळण्याजोगी नाही, आणि बहुतेक सूचनांनी माणूस जाऊ शकतो.

आधी मथळाच बघू. बांधताना भार थराथराने चढत जातो, चुकलं तर पुढचा थर चढवण्याआधी सुधारता येतं. पाडताना सगळा भार आधीपासून जागेवर असतो. वीट काढली म्हणून तिच्यावरचं ओझं नाहीसं होत नाही, ते शेजारच्या विटेवर, बीमवर, स्लॅबवर सरकतं. ते कुठे सरकणार हे घण उचलण्याआधी ठाऊक असावं लागतं. पाडकामातलं सगळं कसब यात आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं याबद्दल चकार शब्द नाही.

‘पोकळ वाजली की पार्टिशन’

ठोकल्यावर येणारा आवाज प्लास्टरची हकिकत सांगतो, भाराची नाही. प्लास्टर विटेपासून सुटलं असेल तर भार घेणारी नऊ इंची भिंतही ढबढब वाजते. पोकळ ब्लॉकची भिंत भार घेत असली तरी पोकळच वाजणार. उलट घट्ट प्लास्टर असलेलं साडेचार इंची पार्टिशन दगडासारखं वाजतं.

जाडी मोजणं त्याहून बरं. दाराच्या चौकटीपाशी टेप लावा. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून साडेचार इंची भिंत साडेपाच इंचांच्या आसपास भरते, नऊ इंची दहा-साडेदहा. नऊ इंची निघाली तर ती भार घेते असंच धरून चालायचं. साडेचार इंची निघाली तर लगेच मोकळं व्हायचं नाही, वर काय आहे ते बघायचं. भिंत छताला भिडते तिथलं वीतभर प्लास्टर छिन्नीने हलक्या हाताने उतरवा. विटांच्या डोक्यावर बीमचा तळ दिसला आणि दोघांच्या मधल्या सांध्यात मागाहून भरलेला माल दिसला, तर सांगाडा आधी झाला आणि भिंत नंतर भरली गेली, म्हणजे ती पार्टिशन. बीम नाही, स्लॅब थेट विटांवर बसलाय असं दिसलं, तर छिन्नी खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नऊ इंची भिंतीत कॉलमही सपाट दडलेला असू शकतो, बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट होते. काँक्रीटचा स्लॅब वर्षानुवर्षं भार वाहताना हळूहळू खाली वाकत राहतो. याला क्रीप म्हणतात. त्याच्याखाली घट्ट भरलेलं पार्टिशन कालांतराने टेकू होऊन बसतं. नकाशावर ती भिंत भार घेत नाही, प्रत्यक्षात घेते. म्हणून पार्टिशनची खात्री झाली तरी मोठ्या खोलीत भिंत काढण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना, फूट-दीड फुटावर, जॅकची (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या लोखंडी टेकूंची) रांग लावून घ्यावी. सगळी भिंत निघाल्यावर जॅक एकदम न सोडता मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे सैल करत जायचं. खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत जॅक हवेत, नाहीतर आपण ओझं फक्त एक मजला खाली ढकललेलं असतं.

या मुद्द्यातली सगळ्यात फसवी जागा म्हणजे खिडकीवरचा छज्जा. छज्जा दोन-अडीच फूट बाहेर आलेला असतो आणि त्याचं मूळ लिंटेलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यात असतं. लिंटेल फिरून छज्जा पुढे कलंडू नये म्हणून जो दाब लागतो, तो लिंटेलच्या डोक्यावर बसलेल्या विटा देतात. खिडकी उंच करायची म्हणून कुणी त्या विटा आधी काढल्या की दाब गेला. लिंटेलसकट छज्जा पुढे झुकतो, आणि तो पडतो तिथेच खाली राडारोडा भरणारा माणूस उभा असतो. छज्जाला खालून टेकू द्यायचा, आधी छज्जा तोडायचा, मग वरची भिंत. हा क्रम उलटा करायचा नाही.

भार घेणाऱ्या भिंतीत दार काढायचंच असेल तर इंजिनिअरने दिलेल्या मापाप्रमाणे, आणि आधी आधार देऊन. नव्या लिंटेलच्या वर भिंतीत जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर अंतराने भोकं पाडायची, त्यांतून छोटे लोखंडी गर्डर आरपार घालायचे आणि प्रत्येक गर्डर दोन्ही टोकांना जॅकवर घ्यायचा. जॅकखाली फळी हवीच. टाइलवर थेट ठेवलेला जॅक टाइल फोडून खचतो. पाचरी घट्ट बसवा, पण जॅक फिरवून भिंत उचलायचा प्रयत्न नको, त्याने वर तडे जातात. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर भिंतीवर बसला पाहिजे. लिंटेल आणि जुन्या विटा यांच्यामधली फट कोरडसर माल ठोकून भरायची. पातळ माल वाळताना आकसतो आणि फट परत उघडते. जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या बीमच्या दोन आधारांमधलं अंतर ६ मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत.

‘तळातून फोडा, वरची आपोआप येते’

येते खरी, पण कुठल्या बाजूला येईल ते फोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. १० फूट बाय १० फूट साडेचार इंची भिंतीचं वजन सुमारे २ टन भरतं. विटांचा सांधा दाब चांगला सोसतो, ताण जवळपास सोसतच नाही. त्यामुळे तळ कापला की भिंत विटाविटांनी ओघळत नाही, अख्खी पाटी कलंडते, आणि फोडणारा तिच्या उंचीच्या आतच उभा असतो.

भिंत वरून उतरवायची. बाजूच्या भिंतींना ती जिथे जोडलेली आहे तिथलं प्लास्टर आधी कटरने उभं कापून घ्या, नाहीतर गुंतलेल्या विटा शेजारचा कोपराही ओढून आणतात. मग वरच्या कोपऱ्यापासून दोन-तीन थर एका वेळी. उभं राहायला परांची हवी, आणि परांचीचा कुठलाही भाग त्याच भिंतीला टेकलेला नको. दारावरचा लिंटेल विसरला जातो: सव्वा मीटरचा साधा काँक्रीटचा लिंटेल ५० किलोच्या घरात असतो, दोन्ही बाजूंच्या विटा मोकळ्या झाल्या की तो खाली येतो. त्याला आधी टेकू द्या. संध्याकाळी काम थांबवताना सुटी, उंच, अर्धवट भिंत उभी ठेवून जाऊ नका. रात्रीचा वारा तिला पुरतो.

‘राडारोडा खोलीतच साठू द्या’

हा मेसेजमधला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा सल्ला आहे. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेला असतो. मागे सांगितलेली २ टनांची भिंत ९ चौरस मीटरच्या खोलीत अगदी सारखी पसरली तरी चौरस मीटरला २२० किलो होतात. म्हणजे एकच भिंत, एकसारखी पसरून, मर्यादा ओलांडते. प्रत्यक्षात कुणी पसरत नाही, ढीग लावतो. सुट्या विटामातीचं घनमीटरला १३०० किलो धरलं तर फूटभर उंच ढिगाखाली चौरस मीटरला ४०० किलो, दोन फुटांखाली ८०० किलो. त्यावर वरून पडणाऱ्या तुकड्यांचे धक्के वेगळे.

एक घनमीटर भिंतीचा राडारोडा फुगून दीड घनमीटर होतो, त्यामुळे जागा नेहमी अंदाजापेक्षा जास्त लागते. नियम सोपा ठेवा: जेवढं पाडलं तेवढं उतरवल्याशिवाय पुढचा थर नाही. सिमेंटची रिकामी गोणी काठोकाठ भरली तर ४५ किलोच्या आसपास जाते, आणि जिन्यावरून ती नेताना कंबर आणि पाय दोन्ही जातात. अर्धी भरा. २५ किलोच्या हिशोबाने त्या एका भिंतीच्या ८० गोणी होतात. तेवढी माणसं आणि वेळ आधीच धरा. गॅलरीत ढीग अजिबात नको. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, आणि कडेला ठेवलेलं ओझं तिला सगळ्यात जास्त वाकवतं. उरलेल्या भिंतीला टेकवूनही ढीग लावू नये, सुटा राडारोडा आडवा रेटा देतो आणि भिंत आडव्या रेट्यासाठी बांधलेली नसते.

‘मेन स्विच पाडला की झालं’

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो बॅटरीवरून त्याच तारांत वीज सोडतो; नेमक्या दिव्या-पंख्यांच्या तारा जिवंत राहतात. बॅटरीवर चालणारा सोलर असेल तर तेच. जुन्या इमारतीत शेजारच्या घराची किंवा जिन्यातल्या दिव्याची लाइन आपल्या भिंतीतून गेलेली सापडते. म्हणून इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट पिन काढा, मेनला कुलूप लावा आणि मग तपासा. तपासायची रीत अशी: दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो दाखवतो याची खात्री करा, मग बंद केलेली तार तपासा, मग परत चालू पॉइंटवर लावा. निऑनचा खिशातला टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं समजू नका. भिंत फोडायच्या ब्रेकर यंत्रासाठी वीज लागतेच. ती वेगळ्या तात्पुरत्या बोर्डावरून घ्या आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर न्या.

‘धुळीला ओला रुमाल पुरे’

नाकाला जाणवते, घशात खवखवते ती जाड धूळ. ती शिंकेतून, कफातून बरीचशी बाहेर पडते. वाळू, वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट या सगळ्यांत क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकी सिलिका असते, आणि कापताना तिचे ५ मायक्रॉनहून बारीक कण उडतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारा उपचार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ १९९७ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. रुमालाच्या विणीतल्या फटी या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, आणि गालाच्या कडेने हवा तशीही आत येतेच.

कमीत कमी एन९५ हवा. दोन्ही पट्टे डोक्यामागे, एक वर आणि एक मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा; नाकाशी किंवा गालाशी झुळूक लागली तर तो बसलेला नाही. दाढीचे खुंट असतील तर तो बसतच नाही.

मास्कच्या आधी पाणी. धूळ उडाल्यावर हवेत पाणी शिंपडून उपयोग थोडा. पातं जिथे घासतं तिथे मिनिटाला किमान अर्धा लिटर धार हवी, आणि त्यासाठी पाण्याची सोय असलेलंच यंत्र वापरा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे विजेला बोलावणं. खाली पडलेली धूळ कोरडा झाडू मारून परत उडवू नका, ओली करून खरडून गोळा करा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

‘जुने पत्रे पाणी मारून फोडा’

जुन्या राखाडी नालीदार सिमेंट पत्र्यात बहुधा १० ते १५ टक्के अॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. बघून ओळखता येत नाही, म्हणून तपासणी झाल्याशिवाय ते आहे असंच धरायचं. पाण्याने वरचा पृष्ठभाग भिजतो. फोडल्यावर उघडी पडणारी कड कोरडीच असते आणि तंतू तिथून सुटतात. त्यातून होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, २० ते ५० वर्षांनी डोकं वर काढतो. पत्रा अख्खा उतरवायचा. भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब टाकलेलं पाणी फवारा, बोल्ट गंजला असेल तर हातकरवतीने बोल्ट कापा, पत्रा नाही. जाड पॉलिथिनच्या दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टी मारा, वर लिहा. इथे एन९५ पुरत नाही. पी१०० किंवा एफएफपी३ हा त्याहून चांगला गाळणारा मास्क आणि फेकून द्यायचा अंगरखा लागतो. पत्र्यावर पाय देऊ नका, बोल्टच्या ओळीवरूनही नाही. वयस्क पत्रा ठिसूळ होतो आणि न वाजता फुटतो.

‘तडे गेले तर सिमेंट भरून घ्या’

काम चालू असताना गेलेला तडा ही इमारतीची हालचाल आहे. तो बुजवला की ती दिसायची बंद होते, थांबत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा, तारीख आणि वेळ लिहा, आणि मधोमध आडवा पीओपीचा पातळ ठिपका लावा. तो वाळल्यावर काही तासांत चिरला तर तडा जिवंत आहे. दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा, वरच्या मजल्यावरचं दार अचानक अडकणं, छतातून बारीक माती झिरपणं, जॅक हाताला सैल किंवा एकदम जास्त घट्ट लागणं, यातलं काहीही दिसलं तर सगळ्यांना बाहेर काढा, वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही. हत्यारं आणायला परत आत जायचं नाही. हलणाऱ्या स्लॅबखाली टेकू लावायलाही नाही. टेकू न हललेल्या बाजूकडून, इंजिनिअर समोर असताना, एकेक करून आत सरकवत न्यायचे.