‘माणसाचा वाटा फक्त चार टक्के’: हा हिशेब अर्धाच आहे

एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. हवामान पूर्वीही बदलत होतं, हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, दरवर्षी हवेत जातो त्यातला चारेक टक्केच माणूस सोडतो, तेव्हा तापमानवाढ ही सूर्याची करणी, असं त्यात म्हटलंय. पहिली तीन विधानं ढोबळमानाने खरी आहेत, म्हणूनच तो पटतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

सगळ्यात जास्त फसगत चार टक्क्यांपाशी होते. झाडं, माती आणि समुद्र प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरंच, पण तितकाच, किंबहुना थोडा जास्तच, परत शोषूनही घेतात. मजकुरात जमेची बाजू आहे, खर्चाची गाळली आहे. माणूस मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडतो. हवेतली वाढ त्याच्या निम्म्याच्या आसपासच भरते, कारण उरलेला समुद्र आणि वनस्पती रिचवतात. म्हणजे निसर्ग भर घालत नाही, उलट आपलंच ओझं उचलतो आहे. दुसरा पुरावा खुद्द कार्बनमध्ये आहे. वनस्पतींपासून बनलेल्या खनिज इंधनात कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) कमी असतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण घटत चाललंय. सोबत ऑक्सिजनही किंचित घटतोय. हा वाढीव कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखीतून आला असता तर ज्वलनात खर्च होतो तसा ऑक्सिजन खर्च झाला नसता.

०.०४ टक्के थोडे वाटतात. पण हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीकडून वर जाणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. कार्बन डायऑक्साइड अडवतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्येच हे प्रयोगाने दाखवलं. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत २८० असलेलं त्याचं प्रमाण आता ४२० च्या वर गेलंय.

सूर्याचं म्हणाल, तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजताहेत. अकरा वर्षांचे चढउतार दिसतात, वाढ दिसत नाही. त्याहून निर्णायक गोष्ट वर, स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात आहे. सूर्य तापला असता तर तो थरही तापला असता. प्रत्यक्षात तो थंड होतोय, खाली जमीन तापत असताना. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमकं हेच होईल, असं मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये गणिताने सांगून ठेवलं होतं. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो, आणि नेमका तोच चर्चेत क्वचित येतो.

राहिलं ‘पूर्वीही बदलत होतं’. होय, पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांनी हिमयुगं आली-गेली, आणि प्रत्येक वेळी कार्बन डायऑक्साइडनेच तो बदल वाढवला. तेव्हा तापमान आधी आणि वायू मागून वाढला, हाही आक्षेप घेतात. पण सुरुवात कक्षेने केली म्हणून वायूचा परिणाम नाहीसा होत नाही. अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेल्या आठ लाख वर्षांच्या हवेत त्याचं प्रमाण औद्योगिक काळापूर्वी कधीच दशलक्षात ३०० च्या फार वर गेलेलं नाही.

वाद घालायला खरी जागा आहे ती ढगांच्या वागण्यात. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं उत्तर आज बहुधा २.५ ते ४ अंश सेल्सिअस असं दिलं जातं, आणि एवढी तफावत उरण्याचं मोठं कारण ढगच आहेत. शंका तिथे जरूर घ्यावी, शास्त्रज्ञही घेतात.