म्युनिकचं नाव घेऊन लिनक्सला फेल ठरवणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दादा पंचायत समितीत आहे. त्यांच्याकडे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं का, याची नुसती चर्चा निघाली आणि त्याने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला: "जर्मनीतल्या म्युनिक शहराने फुकटचं म्हणून लिनक्स घेतलं, ते चाललंच नाही, शेवटी विंडोजवर यावं लागलं. जगात कुठलंच सरकार लिनक्स वापरत नाही. मराठी टायपिंगही होत नाही." हा मेसेज मी आधीही बघितलाय, पण आता घरातूनच आला म्हणून लिहायला बसलो.

"फुकटचं म्हणून" हे खोटं आहे. 2003 मध्ये म्युनिकला विंडोज एनटी या जुन्या विंडोजवरचे जवळपास 14,000 कॉम्प्युटर बदलायचे होते. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटून गेले, कंपनीने भाव उतरवला, लिनक्सवर जायचा अंदाजे खर्च त्याच्यापेक्षा जास्त होता, तरी शहराने लिनक्सच घेतलं, कारण एका कंपनीच्या हातात मान द्यायची नव्हती.

आता "चाललंच नाही". अहो, 2013 पर्यंत बहुतेक सगळे कॉम्प्युटर, सुमारे 15,000, लिनक्सवर आले होते आणि शहराचं काम त्यावरच चालू होतं! 2014 ला महापौर बदलले, 2016 ला अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीचा शहराच्या आयटीवरचा अहवाल आला. ही अ‍ॅक्सेंचर मायक्रोसॉफ्टची जुनी भागीदार, दोघांनी मिळून अवनाड नावाची कंपनी काढलेली, म्हणजे लिनक्सची बाजू घ्यायचं तिला काही कारणच नाही, तरी तिनेही मुख्य दुखणं सांगितलं ते आयटीच्या कारभाराचं, खात्याखात्यांत विखुरलेल्या जबाबदारीचं. विंडोजचा पर्याय द्या असंही त्यात होतं, ते मी लपवत नाही. पण शहराच्या आयटीचे प्रमुखच म्हणाले की परत जायला तसं सबळ तांत्रिक कारण नाही. तरी नोव्हेंबर 2017 ला कौन्सिलने विंडोज ठरवलं, नुसत्या त्या बदलाला जवळपास 5 कोटी युरोचा अंदाज. 2012 मध्ये ह्याच शहराने लिनक्समुळे 1 कोटी युरोच्या वर वाचले असं सांगितलं होतं. म्हणजे निर्णय राजकीय होता आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटलं.

कुठलंच सरकार वापरत नाही? फ्रान्सचे जॉंदार्म, म्हणजे तिथलं एक पोलीस दल, 2008 पासून उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, जात गेले, हजारो कॉम्प्युटर. केरळच्या सरकारी शाळा बघा. पुरे.

राहिलं मराठी. इनस्क्रिप्ट कीबोर्डने युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी) मराठी लिनक्सवर व्यवस्थित टाइप होतं. पण दादाच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली परिपत्रकं लिनक्सवर उघडली की कचरा दिसतो, वर्डचे तक्तेही हलतात, आणि डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर आधी तपासावा लागतो. फक्त कृतिदेवची फाइल, फॉन्ट नसेल तर, विंडोजवरही तशीच दिसते, तो दोष फॉन्टचा. दादा, रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन ये, त्या फाइली युनिकोडमध्ये करून टाकू, मग तुमच्या साहेबांना काय ठरवायचं ते ठरवू देत.