‘एव्ही रिसीव्हर घेऊच नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

होम थिएटरचा विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे ढकलला जातो. थोडक्यात तो असा: एव्ही रिसीव्हर (प्लेअर, टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायरचा खोका) घेऊच नका. त्यावर छापलेले वॅट खोटे असतात. गाणी ऐकायला तो निकामी, त्यासाठी वेगळा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरच लागतो. माइक लावून केलेला ऑटो सेटअप (रिसीव्हर खोलीतला आवाज मोजून स्वतःच सेटिंग ठरवतो तो) आवाजाचा जीव घेतो. घ्यायचाच झाला तर हातात सगळ्यांत जड लागेल तो घ्या. आणि काहीही घेतलेत तरी तो तापतो, दोन-तीन वर्षांत त्याचा एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) बोर्ड जातो आणि अख्खा खोका भंगारात निघतो.

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणाचा ना कुणाचा खरा मनस्ताप आहे. लक्षणे बहुतेकदा बरोबर सांगितलेली असतात. चुकते ते निदान. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘वॅट खोटे असतात’

आकडा खरा असतो, तो कोणत्या अटींवर मोजला हे बारीक अक्षरांत असते. खोक्यावरचे ठळक १५० किंवा १८० वॅट बहुधा ६ ओहम (स्पीकरचा रोध), १ किलोहर्ट्‌झ, एकच चॅनेल चालू आणि १० टक्के डिस्टॉर्शन अशा अटींवरचे असतात. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज उघडउघड फाटलेला. तोच रिसीव्हर ८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन चॅनेल चालू आणि ०.०८ टक्के डिस्टॉर्शनला ८०-९० वॅटवर येतो. दोन मॉडेलांची तुलना करायची तर मॅन्युअलमधली ही दुसरी ओळ शोधा. ती ओळच नसेल तर संशय घ्यायला हरकत नाही.

सात चॅनेलच्या रिसीव्हरचे सातही चॅनेल एकदम पूर्ण ताकदीने चालवले तर प्रत्येकी वॅट आणखी घटतात, कारण ट्रान्सफॉर्मर एकच. पण कुठल्याही चित्रपटात सातही चॅनेलवर एकाच वेळी सलग पूर्ण ताकदीचा सूर नसतो. काही जण मागच्या पट्टीवरचा वीजवापराचा आकडा सातने भागून ‘खरी ताकद’ काढतात. तो हिशोब मुळातच चुकीचा. तो आकडा पूर्ण ताकदीवर मोजलेला नसतो. बहुधा कमाल आउटपुटच्या एक अष्टमांशावर मोजलेला असतो.

आता लागते किती ते पाहा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल धरा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८८. तीन मीटरवर, भिंतींचे परावर्तन धरून, साधारण ८२ उरतात. संवाद ७५ डेसिबलला ऐकायचे तर ०.२ वॅट पुरतो. स्फोटाचा ९५ डेसिबलचा झटका मारायला २० वॅट लागतात. १०० वॅटला तुम्ही १०२ वर पोचता. १०० ऐवजी ६० वॅटच मिळाले तर तोटा फक्त २.२ डेसिबलचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबवर जेमतेम दोन खुणा. वॅटवरून भांडणाऱ्यांनी स्पीकर ८५ चा आहे की ९१ चा हे आधी पाहावे. तिथे चौपट ताकदीचा फरक पडतो.

खरी अडचण येते ती ४ ओहमच्या, कमी सेन्सिटिव्हिटीच्या उभ्या स्पीकरांना सबवूफरशिवाय (फक्त बास देणाऱ्या वेगळ्या स्पीकरशिवाय) ‘लार्ज’वर, म्हणजे सगळा बास त्यांच्यावरच टाकून चालवताना. खालच्या बासला करंट ओढला जातो, आवाज आखडतो आणि मोठ्या आवाजात रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून लोक मेनूतला ‘४ ओहम’ पर्याय निवडतात आणि आवाज आणखी मरतो. बऱ्याच मॉडेलांत तो पर्याय आतला पुरवठ्याचा व्होल्टेज खाली आणतो. उष्णतेच्या चाचणीत बसावे म्हणून दिलेली ती सोय आहे. त्याआधी स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्‌झवर ठेवा आणि बास सबवूफरकडे सोपवा. अ‍ॅम्प्लिफायरवरचा सगळ्यांत जड बोजा तिथेच उतरतो.

स्पीकरच्या तारेकडेही बघा. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा १० मीटरच्या अंतराला, जाऊन-येऊन, सुमारे ०.२३ ओहम रोध होतो. ८ ओहमला हे चालते, ४ ओहमला २.५ चौरस मिमी घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध साधारण दीडपट असतो. ती घेतलीत तर एक माप जाड घ्या.

‘गाण्यांसाठी स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरच लागतो’

दोन्ही आपल्या ताकदीच्या मर्यादेत चालत असतील आणि आवाजाची पातळी खरोखर सारखी असेल, तर कोणता चालू आहे हे न सांगता ऐकवल्यावर फरक ओळखणे फार अवघड जाते. ‘खरोखर सारखी’ हे शब्द महत्त्वाचे. अर्धा-एक डेसिबल मोठा असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, ‘जास्त खुला’ वाटतो. बहुतेक घरगुती तुलना इथेच फसतात. करायचीच तर १ किलोहर्ट्‌झचा सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा आणि दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आणा. दर वेळी हे स्वस्त मीटरला १ किलोहर्ट्‌झवर नीट जमत नाही. तसे असेल तर २०० हर्ट्‌झचा सूर वापरा.

मग रिसीव्हरवर गाणी ‘सपाट’ का वाटतात? बहुतेक वेळा मेनूत काहीतरी चालू राहिलेले असते. रात्रीसाठीचा डायनॅमिक व्हॉल्यूम मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणून ठेवतो आणि तबल्याची थाप निम्मी होते. कधी स्टीरिओ गाणे सातही स्पीकरांतून वाटणारा मोड लागलेला असतो. डायनॅमिक इक्यू (कमी आवाजात बास आणि मागचे स्पीकर वाढवणारी सोय) चित्रपटांच्या पातळीशी जुळवलेला असतो. गाणी त्याहून चढी रेकॉर्ड केलेली असल्याने बास आणि मागचे स्पीकर फुगतात. त्यात रेफरन्स लेव्हल ऑफसेटचा पर्याय असेल तर गाण्यांसाठी तो १० किंवा १५ वर ठेवा, नाहीतर ते बंदच करा. ‘डायरेक्ट’ दाबल्यावर हे सगळे बाजूला होते, पण बऱ्याचदा बास सबवूफरकडे वळवणारे बास मॅनेजमेंटही जाते आणि सबवूफर गप्प बसतो. ‘डायरेक्टला आवाज पातळ झाला’ ही तक्रार तिथून येते.

सल्ल्यातला एक धागा मात्र खरा आहे. ९८-१०० डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या हॉर्न स्पीकरांवर स्वस्त रिसीव्हरची बारीक सरसर शांत खोलीत ऐकू येते. तसे स्पीकर असतील तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जरूर घ्या आणि तो रिसीव्हरच्या प्रीआउटला (ताकद देण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जागेला) जोडा. दोघांपैकी एकच निवडण्याची गरज नाही.

‘ऑटो सेटअप आवाज मारतो’

वाईट मापावर केलेला मारतो. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवला की कानाशी पोचणारा आवाज न मोजता उशीवरून उसळलेला मोजला जातो. माइक तिवईवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून किमान ३० सेंटिमीटर पुढे हवा. पहिले माप मुख्य बैठकीच्या बरोबर जागी घ्या, कारण अंतर आणि पातळी त्यावरूनच ठरते. उरलेली मापे त्याच्या भोवती साधारण ६० सेंटिमीटरच्या आत. पंखा आणि एसी बंद.

माप झाल्यावर निकाल आहे तसा स्वीकारायचा नाही. ‘लार्ज’ लागलेले स्पीकर ‘स्मॉल’ करा. क्रॉसओव्हर ४० आला असेल तर ८० ला न्या. ११० आला असेल तर तो मात्र खाली ओढू नका. सबवूफरची पातळी उणे १२ वर टेकली असेल तर ते मोजमाप निरुपयोगी आहे, कारण मेनूत त्याहून खाली जागाच नाही. सबवूफरच्या मागचा नॉब कमी करून पुन्हा मोजा. आणि सबवूफर २.५ मीटरवर असताना मेनू ४ मीटर दाखवतो म्हणून टेप लावून ‘दुरुस्ती’ करू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो आणि तो उशीर अंतराच्या रूपात भरलेला असतो. ‘ऑटो सेटअपनंतर बासचा ठोका गेला’ अशा तक्रारींत ही दुरुस्ती बऱ्याचदा सापडते.

तरी आवाज बोथट वाटला, तर ऑटो सेटअपची सुधारणा साधारण ३०० हर्ट्‌झपर्यंतच मर्यादित ठेवा. ऑडिसीच्या अ‍ॅपमध्ये आणि डिरॅकमध्ये (दोन्ही खोलीनुसार आवाज सुधारणाऱ्या प्रणाली) ती सोय आहे. खोलीचा खरा उपद्रव त्या मर्यादेच्या खालीच असतो. वरचा भाग चांगल्या स्पीकरच्या बाबतीत न छेडलेला बरा.

‘जड तोच चांगला’

क्लास एबी या पारंपरिक, जास्त तापणाऱ्या पद्धतीपुरते ठीक: वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक. क्लास डी आणि स्विचिंग पुरवठा या हलक्या, कमी तापणाऱ्या पद्धतींना हा निकष लागू नाही.

‘दोन-तीन वर्षांत एचडीएमआय बोर्ड जातो आणि खोका भंगार’

या आरोपाला इतिहास आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. ऑन्क्योच्या २००९ ते २०१२ दरम्यानच्या बऱ्याच मॉडेलांत डिजिटल बोर्ड निकामी होत. कंपनीला त्यांची मोफत दुरुस्ती २०१८ अखेरपर्यंत वाढवून द्यावी लागली. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ च्या पहिल्या खेपेत डेनॉन, मॅरँट्झ आणि यामाहा यांनी वापरलेल्या एका चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेम कन्सोलचे ४के १२० हर्ट्‌झचे चित्र रिसीव्हरमधून गेले की पडदा काळा पडे. डेनॉन-मॅरँट्झने त्यावर बाहेरून लावायचा अडॅप्टर दिला, यामाहाने बोर्ड बदलून दिले. रिसीव्हरचा सगळ्यांत नाजूक भाग एचडीएमआय आहे हे मान्यच. पण ‘एचडीएमआय गेला’ असे ज्याला म्हणतात त्यात तीन वेगवेगळे आजार मिसळलेले असतात.

पहिला, हँडशेकचा, म्हणजे दोन उपकरणांची एकमेकांशी ओळख न पटण्याचा. चित्र अधूनमधून काळे होते किंवा ‘नो सिग्नल’ येतो. यात जळलेले काहीच नसते. टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर तिघांचेही प्लग भिंतीतून काढा आणि दहा मिनिटे थांबा. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर सुरू करा. नाही सुटले तर सीईसी (उपकरणांना एचडीएमआयवरून एकमेकांना चालू-बंद करू देणारी सोय) बंद करून पाहा. त्यानंतर त्या इनपुटचा ४के सिग्नल फॉरमॅट एक पायरी खाली आणा. चित्र स्थिर झाले तर संशयित केबल आहे. सेकंदाला ४८ गिगाबिटसाठी साधी तांब्याची केबल तीन मीटरपलीकडे भरवशाची नाही. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक प्लेअरकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

दुसरा, प्रोटेक्शनचा. लाल दिवा लुकलुकतो, रिसीव्हर सुरू होऊन लगेच बंद पडतो. प्लग काढा, सगळ्या स्पीकरच्या तारा मागून सोडवा आणि पुन्हा सुरू करा. सुरू राहिला तर दोष बाहेर आहे: बहुतेकदा तारेचा एखादा केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. सोडवलेल्या तारेच्या टोकांवर मल्टिमीटरने ओहम मोजा. स्पीकर जोडलेला असताना ३ ते ७ च्या आसपास यायला हवे. एकच्या खाली असेल तर तिथे शॉर्ट आहे. तारा सोडवूनही बंदच पडत असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा पुरवठा गेला आहे, तो दुरुस्तीवाल्याचा विषय. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज उरतो, तेव्हा झाकण उघडून बोटे घालू नका. एखादा चॅनेल कमी आवाजात गायब होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो, तेव्हा बहुधा स्पीकर रिलेचे संपर्क काळवंडलेले असतात. रिले किरकोळ किमतीचा सुटा भाग आहे.

तिसरा, खरोखर बोर्ड गेल्याचा. इथे दोन कारणे ठळक. एक उष्णता: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. रिसीव्हर गरम होणे हा दोष नव्हे, ती उष्णता कपाटात अडकणे हा दोष. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, वर प्लेअर किंवा सेटटॉप बॉक्स रचू नका. बंद कपाट असेल तर १२० मिमीचा, हळू फिरणारा पंखा हवा बाहेर ओढेल असा लावा. दुसरे कारण तारेतून येणारा झटका. भिंतीचा सर्ज प्रोटेक्टर लावून लोक निर्धास्त होतात, पण वीज पडल्यावर झटका केबल टीव्हीच्या कोअ‍ॅक्स तारेतून किंवा इथरनेटमधून सेटटॉप बॉक्सकडे आणि तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये शिरतो. वादळात त्या ताराही काढा. एचडीएमआय काढताना-घालताना दोन्ही उपकरणांचे प्लग आधी काढा.

बोर्ड गेलाच असे वाटले तर निकाल देण्यापूर्वी एफएम लावून पाहा, किंवा अ‍ॅनालॉग इनपुटला फोन जोडून ‘डायरेक्ट’ दाबा. दोन्हीकडे शांतता असेल तर डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप)ही त्याच बोर्डावर असून तोही गेला असावा. मग दुरुस्तीचा खर्च आणि नव्या रिसीव्हरची किंमत समोरासमोर मांडा. आवाज आला तर अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे. अशा रिसीव्हरला प्लेअर थेट टीव्हीला जोडून टीव्हीचा ऑप्टिकल आउट द्या. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ ठेवा, ‘पीसीएम’ राहिले तर फक्त दोनच चॅनेल येतील. ऑप्टिकलमधून डॉल्बीचे वरच्या दर्जाचे प्रकार जात नाहीत: ट्रूएचडी नाही, अ‍ॅटमॉसही नाही. डॉल्बी डिजिटल ५.१ मात्र व्यवस्थित मिळतो.