फॉर्ममध्ये कारणाचा रकाना नाही

देहदानाचा फॉर्म भरल्याचं घरात सांगितल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "पण का?"

याचं उत्तर देणं मी आता बंद केलंय. उत्तर नाही म्हणून नव्हे. कारण दिलं की समोरचा ते खोडायला मोकळा होतो. लाकडं वाचतात म्हणा, "विद्युतदाहिनी आहे की!" एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकायला देह लागतो म्हणा, "ती पोरं कुठं धड बघतात?" अशी दोन-तीन कारणं पाडली की बोलणाऱ्याला वाटतं, निर्णयही पडला. धाकटे दीर तर थेट म्हणाले, "वहिनी, मग कावळ्याचं काय?" कावळ्याची सोय मी कशाला बघू? माझा देह आहे, तो मला असा द्यायचाय. एवढ्यावर माझं भागतं.

२०१० साल आठवा. जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसू गेले. आयुष्यभराचे कम्युनिस्ट, त्यांचा देह तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. फेब्रुवारीत चित्रकूटला नानाजी देशमुख गेले. आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे, संघाचे प्रचारक. त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला. या दोघांना समोरासमोर बसवून "का?" विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत एकमत झालं नसतं. केलं मात्र दोघांनी एकच.

पण म्हणून गप्प बसून चालत नाही, आणि इथेच बरेच जण गडबड करतात. फॉर्म भरून कपाटात, साड्यांच्या खाली! अहो, हा निर्णय तुमचा असला तरी पार पाडायचा दुसऱ्यांनी, तेही रडारडीच्या वेळी. महाविद्यालयाची गाडी आपोआप येत नाही. घरच्यांनी फोन करायचा, डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि काही तासांत देह पोचवायचा. पुण्याहून भाचा येईपर्यंत थांबू म्हणालात तर पंचाईत. नेत्रदान करायचं तर तेही पहिल्या काही तासांतच. अपघाती मृत्यू असेल, शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह नाकारतात. बाकीचे अवयव काढलेले असले तरी बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात, डोळे दिलेले चालतात. हे सगळं घरच्यांना आधीच माहीत हवं. म्हणून सांगायचं सगळ्यांना, अगदी पाठ होईपर्यंत. पटवत मात्र बसायचं नाही.

माझ्या लेकीला हे अजूनही पटलेलं नाही. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात, तेव्हा पेन हातात घेऊन म्हणाली, "आई, मला नाही आवडलेलं हे." म्हटलं, "नको आवडू दे, सही कर." केली. आणखी चार युक्तिवाद ऐकवून तिला हरवलं असतं, तर ऐन वेळी तिचा पाय अडखळला असता असं मला वाटतं. दहावं-तेरावं करायचं की नाही हे मी तिच्यावरच सोडलंय. तो तिचा निर्णय, त्याचं कारण मीही विचारणार नाही.

तेव्हा मंडळी, "का" सोडून काहीही विचारा. फॉर्म कुठे मिळतो? जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनाशास्त्र विभागात. जाताना फोटो आणि आधार कार्ड न्या, आणि सही करणाऱ्यांना सोबतच घेऊन जा, म्हणजे हेलपाटा वाचेल.