ग्लिसरीन नाही हो, साखर आहे ती

'बिअर पिणाऱ्यांनो, हे वाचाच' हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. त्यात चार दावे आहेत: भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन असतं, गडद बिअर जास्त चढते, 1516 च्या जर्मन कायद्यानुसार पाणी, बार्ली, हॉप्स (कडवट चव देणारी फुलं) आणि यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) एवढ्याचीच बिअर खरी, आणि छोट्या प्रमाणावर गाळलेल्या बिअरने डोळे जातात.

ग्लिसरीनचा 'पुरावा' म्हणजे बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची. पिवळे दोरे खाली उतरतात, ते म्हणे ग्लिसरीन! मी हाच प्रयोग कोकम सरबताच्या छोट्या बाटलीवर केला. गुलाबी दोरे तसेच, तितक्याच ऐटीत उतरले. जड द्रव खाली येतो, पाणी वर जातं, बस्स. मुळात ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं, ते वेगळं होऊन बाहेर येईल कशाला? यीस्ट स्वतःच थोडंसं ग्लिसरीन बनवतं, तेही जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये.

बिअर पाण्यापेक्षा जड का, हे ब्रूइंग म्हणजे बिअर बनवणं शिकणाऱ्याला पहिल्याच बॅचला कळतं. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, 65-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि हायड्रोमीटर सोडायचा. तो द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवतो; साध्या पाण्याचा आकडा 1.000. समजा 1.048 दिसलं. यीस्ट घातल्यावर काही दिवसांनी आकडा 1.010 वर येऊन थांबतो. मधली साखर यीस्टने खाल्ली, तिचं सुमारे 5 टक्के अल्कोहोल झालं. न पचलेली उरली, ती तुमचे दोरे.

गडद रंगाचंही उत्तर याच आकड्यात आहे: अल्कोहोल ठरतं यीस्टने खाल्लेल्या साखरेवर, रंगावर नाही. रंग येतो भाजलेल्या माल्टमधून, भाजणीसारखा, आणि तेही मूठभर पुरतं. काळीकुट्ट आयरिश बिअर गिनीज ड्राफ्ट 4.2 टक्के, आणि आपल्याकडची सोनेरी 'स्ट्राँग' 8 पर्यंत जाते.

1516 चा बव्हेरियातला कायदा खरा आहे, फक्त त्यात यीस्टचं नावच नाही. बार्ली, हॉप्स, पाणी, संपलं. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट हा जिवंत जीव असतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

डोळ्यांबद्दल मात्र थट्टा नको. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. पण ते भेसळीच्या दारूतलं. बार्लीच्या आंबवणीत ते नगण्य असतं, आणि दारूसारखी वाफ करून, ती थंड करून बिअर गाळत, तीव्र करतच नाहीत. 'गाळलेली बिअर' या शब्दांतच मेसेजवाल्याचा घोळ दिसतो.

खरा धोका मेसेजमध्ये नाहीच. हायड्रोमीटरचा आकडा स्थिर होण्याआधी बाटल्या भरल्या की यीस्ट आत खातच राहतं, वायू साठतो आणि काच फुटते. आमच्या ब्रूपबमध्ये (जागेवरच बिअर बनवणाऱ्या बारमध्ये) म्हणूनच दोन दिवस लागोपाठ 1.010 दिसल्याशिवाय मी टाकीला हात लावत नाही. आणि हो, हे घरी करून बघायचा विचार असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.